प्रस्तावना : संवादी आज्ञांचे स्वयंचलन आणि चलांचा विनियोग

एखादा प्रोग्राम आपले काम अर्ध्यावर आणून थांबतो, पडद्यावर एक ओळ उमटवून पुढे जाण्याची अनुज्ञा मागतो, परवलीचा शब्द विचारतो किंवा दोन-तीन पर्यायांपैकी एक निवडावयास सांगतो आणि उत्तर मिळेपर्यंत तसूभरही हलत नाही, ही व्यवस्था यंत्रासमोर जाणते माणूस बसलेले असेल तोवर अत्यंत हिताची आहे. कारण निर्णयाची वेळ येते त्याच वेळी तो निर्णय अधिकारी मनुष्याला विचारला जातो. परंतु तेच काम शेकडो सर्व्हरांवर, एकाच रीतीने, रात्रीच्या प्रहरी, कोणीही समोर नसताना पार पडावयाचे असेल, तर हीच विचारणा साऱ्या कारभाराला अडवून धरते. विचारणारा हजर आहे, उत्तर देणारा गैरहजर आहे, आणि मुदत संपेपर्यंत काम जागच्या जागी खोळंबले आहे, असा प्रसंग सर्व्हर सांभाळणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला केव्हा ना केव्हा येतो.

अशा संवादी आज्ञांची उत्तरे आगाऊ कशी लिहून ठेवावीत, आणि ती उत्तरे यंत्रागणिक व प्रसंगागणिक बदलणारी असल्याने त्यांच्यासाठी चलांची, म्हणजे नित्याच्या बोलण्यातील व्हेरिएबलांची, योजना कशी करावी, एवढाच पुढील प्रकरणांचा विषय आहे. तो वरवर पाहणाऱ्यास चार ओळींच्या युक्तीएवढा वाटेल. माझे मत तसे नाही. स्वयंचलनामुळे प्रश्नातला निर्णय टळत नाही. तो फक्त आधीच्या वेळेवर आणि बहुधा वेगळ्या माणसाकडे जातो. रात्री दोन वाजता यंत्राला जे उत्तर मिळते ते कोणीतरी दोन महिन्यांपूर्वी दुपारी लिहून ठेवलेले असते, आणि ते कोठे लिहिले, कोणत्या नावाखाली लिहिले, कोणाला वाचता येईल अशा रीतीने लिहिले, यावरच त्या कामाची विश्वासार्हता अवलंबून राहते.

या विद्येचा इतिहास फार प्राचीन नाही. युनिक्सच्या जगात एका प्रोग्रामचा निर्गत मजकूर दुसऱ्याच्या तोंडी देण्याची रीत पहिल्या काही वर्षांतच रुळली, आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला एकच होकार अखंड पाठवीत राहणारी एक लहानशी आज्ञाही तेथे आहे. परंतु परवलीचा शब्द मागणारे अनेक प्रोग्राम हे सरळ दार वापरीतच नाहीत. ते थेट टर्मिनलशी बोलतात, टंकलेली अक्षरे पडद्यावर उमटू देत नाहीत, आणि समोर खरे टर्मिनल नसेल तर काम नाकारतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेतील डॉन लिब्स यांनी यावर जो उपाय शोधला त्याचे नाव एक्स्पेक्ट. त्याची मांडणी त्यांनी १९९० च्या उन्हाळ्यात यूसनिक्स या संगणक-व्यावसायिकांच्या संघटनेच्या परिषदेत केली. बर्कली येथील जॉन औस्टरहाउट यांची टीसीएल ही लहान व सुटसुटीत भाषा तेव्हा नुकतीच उपलब्ध झाली होती. तिच्या पायावर लिब्स यांनी असे साधन उभे केले की जे प्रोग्रामपुढे एक आभासी टर्मिनल ठेवते, त्यावर येणारा मजकूर वाचते, अपेक्षित ओळ दिसली की ठरलेले उत्तर टंकते आणि पुढच्या ओळीची वाट पाहते. प्रोग्रामला आपल्यासमोर माणूस नाही याचा पत्ताही लागत नाही. पुढे नोआ स्परियर यांनी हीच कल्पना पायथन भाषेत आणली, आणि त्यांच्या पीएक्स्पेक्ट या संचामार्फत ती आजच्या साधनांपर्यंत पोचली.

संरचना-व्यवस्थापनाची परंपरा मात्र वेगळ्याच उगमापासून निघाली. १९९३ मध्ये ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी सीएफएंजिन लिहिले, २००५ मध्ये ल्यूक केनिस यांचे पपेट आले, आणि २०१२ मध्ये मायकेल डीहान यांचे अ‍ॅन्सिबल. या परंपरेचा मूळ सिद्धांत असा, की यंत्राला कृतींची यादी सांगू नये, त्याची इष्ट स्थिती सांगावी: अमुक संच बसविलेला असावा, अमुक सेवा चालू असावी, अमुक फाइलीत अमुक मजकूर असावा. स्थिती आधीच तशी असेल तर काहीही करू नये, आणि तेच फर्मान दहा वेळा काढले तरी परिणाम एकदा काढल्याइतकाच व्हावा. संवाद हा याच्या नेमका उलट स्वभावाचा आहे. त्याला आरंभ आहे, क्रम आहे, आणि दुसऱ्या खेपेस तोच प्रश्न येईलच अशी शाश्वती नाही. परवलीचा शब्द एकदा ठरल्यावर तोच प्रोग्राम नवा शब्द मागण्याऐवजी जुना मागू लागतो. स्थितीचे वर्णन करणाऱ्या भाषेत संभाषण बसवावयाचे, हा या विषयातील मूळ अवघडपणा आहे, आणि त्याचे भान सुटले की पुढील सर्व तंत्र निष्फळ होते.

अ‍ॅन्सिबलच्या दुसऱ्या आवृत्तीत, २०१६ च्या आरंभी, एक्स्पेक्ट नावाचे मॉड्यूल आले. त्याला एक आज्ञा द्यावयाची आणि सोबत उत्तरांची एक जोडयादी: डाव्या बाजूस प्रश्न ओळखण्याचा नमुना, उजव्या बाजूस त्याचे उत्तर. हा नमुना रेग्युलर एक्स्प्रेशनच्या नियमांनी वाचला जातो. उत्तराच्या शेवटी एंटरची कळ मॉड्यूल स्वतः जोडते. आणि तीस सेकंदांपर्यंत अपेक्षित मजकूर दिसला नाही तर काम अयशस्वी ठरते. ही मुदत वाढवता येते. ज्या यंत्रावर आज्ञा चालावयाची त्या यंत्रावर पीएक्स्पेक्ट असावे लागते, ही अट नवख्याच्या लक्षात बहुधा पहिल्या अपयशानंतर येते. विशिष्ट फाइल अस्तित्वात असेल तर आज्ञा चालवूच नये, असे सांगण्याची तजवीजही त्यात आहे. वर सांगितलेला संवाद आणि स्थिती यांमधील विरोध ज्या थोड्या साधनांनी सौम्य होतो त्यांपैकी ती एक असल्याने तिचा अव्हेर करू नये.

आता चलांकडे वळू. जुन्या कचेऱ्यांत अर्जाचे छापील नमुने असत. मजकूर कायम, आणि इसमाचे नाव, गाव, तारीख व रक्कम यांपुरत्या जागा कोऱ्या. कोऱ्या जागा योग्य ठिकाणी सोडल्या तर तोच नमुना वर्षानुवर्षे चाले. कायम मजकुरात एखादे नाव छापले गेले तर तो सारा गठ्ठा रद्दीत जाई. प्लेबुकाचे, म्हणजे अ‍ॅन्सिबलने करावयाची कामे ज्या फाइलीत लिहितात तिचे, तसेच आहे. त्यात परवलीचा शब्द, डेटाबेसचे नाव किंवा बंदराचा क्रमांक प्रत्यक्ष लिहिला की ते प्लेबुक एका यंत्राचे झाले. त्या जागी दुहेरी महिरपी कंसांत चलाचे नाव घातले की ते सर्व यंत्रांचे झाले. हे इतके उघड आहे की त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही. गरज आहे ती उत्तरात घातलेले चल आणि प्रश्नात घातलेले चल यांतील भेद समजून घेण्याची.

उत्तरातील चल साधे दिसते, पण ते ज्या यॅमल लेखनपद्धतीतून येते तिच्या काही सवयी निष्ठुर आहेत. होकारार्थी इंग्रजी शब्द अवतरणचिन्हांवाचून लिहिला तर यॅमल त्याला शब्द न मानता सत्य-असत्यातील 'सत्य' हे मूल्य मानते, आणि प्रोग्रामला 'येस' या उत्तराऐवजी 'ट्रू' हे उत्तर जाते. तो बिचारा पुन्हा तोच प्रश्न विचारतो. शून्याने सुरू होणारा ०१२३ हा सांकेतिक क्रमांक उघडा लिहिला तर तो अष्टमान पद्धतीचा अंक समजला जाऊन त्याचे ८३ होते. म्हणून प्रश्नाला जावयाचे प्रत्येक उत्तर, मग ते अंक असो की होकार, अवतरणात लिहावे, आणि चलाची व्याख्या जेथे असेल तेथेही तोच नियम पाळावा. कारण चूक उत्तराच्या जागी होत नसून बरीच आधी, व्याख्येच्या फाइलीत होते. परवलीच्या शब्दातच महिरपी कंस शेजारी-शेजारी आले तर अ‍ॅन्सिबल त्यालाही चलाचा संदर्भ समजून उलगडू पाहते. अशा मूल्यास असुरक्षित अशी खूण करण्याची सोय आहे, आणि ती ठाऊक नसल्यास दोष शोधता शोधता दिवस मावळतो.

याहून गंभीर बाब रिकाम्या उत्तराची आहे. चलाची व्याख्याच केलेली नसेल तर अ‍ॅन्सिबल तक्रार करून थांबते. हा त्याचा मोठा गुण आहे. ती तक्रार नको म्हणून अनेक जण चलाला रिकामे मूल्य बहाल करतात. तसे केल्याने प्लेबुक निमूट चालते खरे, पण प्रश्नाला उत्तर म्हणून केवळ एंटरची कळ जाते, आणि बहुसंख्य प्रोग्रामांत कोऱ्या एंटरचा अर्थ 'सुचविलेला पर्याय मान्य' असा असतो. म्हणजे आपण मौन पाळले असे आपणास वाटते, आणि यंत्राच्या दप्तरी संमती नोंदली जाते. माझे आग्रहाचे सांगणे असे की प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या चलांना रिकामे मूल्य कदापि देऊ नये. उलट, आज्ञा चालवण्यापूर्वीच ती सर्व चले हजर आहेत व कोरी नाहीत याची तपासणी करणारे एक स्वतंत्र कलम प्लेबुकात असावे. अडलेले काम दुसऱ्या दिवशी दिसते आणि दुरुस्त होते. न विचारता दिलेली संमती महिनोन्महिने दिसत नाही.

प्रश्नातील चल ही याहून निराळी गोष्ट आहे, आणि अनुभवी माणसेही तेथे अडखळतात. पुष्कळ प्रोग्राम आपल्या विचारणेत वापरकर्त्याचे किंवा यंत्राचे नाव गुंफतात: अमक्याचा परवलीचा शब्द द्या, अमक्या यंत्राशी जोडणी करू काय. साहजिकच वाटते की जोडयादीच्या डाव्या बाजूसही कंसात चल लिहावे. परंतु अ‍ॅन्सिबल जोडयादीतील उजव्या बाजूची मूल्ये उलगडते, डाव्या बाजूच्या किल्ल्या उलगडत नाही. तेथे लिहिलेले कंस जसेच्या तसे राहतात, ते नमुन्याचा भाग मानले जातात, आणि अर्थातच पडद्यावरील कोणत्याही ओळीशी जुळत नाहीत. तीस सेकंदांनी काम पडते आणि दोष मात्र उत्तरात शोधला जातो. यावर तोडगा आहे: चले उलगडण्यासाठी अ‍ॅन्सिबल जी वापरते त्या जिंजा या साच्यांच्या भाषेतील एका पदावलीत संपूर्ण जोडयादीच रचावी, तिच्या आत किल्ली जोडून तयार करावी, म्हणजे मॉड्यूलच्या हाती पोचेपर्यंत ती पूर्ण झालेली असते. हा मार्ग चालतो. पण तो वाचणाऱ्याला क्लेशकारक आहे, आणि त्याच्यासोबत दुसरे संकट येते. नमुना रेग्युलर एक्स्प्रेशन असल्याने चलातील बिंदू, डॉलर, कंस, प्रश्नचिन्ह या साऱ्यांना त्यात विशेष अर्थ आहे. यंत्राच्या नावातील बिंदू कोणत्याही अक्षराशी जुळतो, ते एक वेळ चालेल; पण कंस असलेले नाव जुळतच नाही. म्हणून प्रश्नात चल घालावयाचेच असेल तर अशा चिन्हांना निष्प्रभ करणाऱ्या गाळणीतून ते आधी जाऊ द्यावे.

मायएसक्यूएल डेटाबेस बसविल्यानंतर त्याची सुरक्षा कडक करण्यासाठी जो संवादी प्रोग्राम चालवतात, त्याचे उदाहरण या सर्व चर्चेला उत्तम लागू पडते. तो मुख्य वापरकर्त्याचा परवलीचा शब्द विचारतो, अनामिक वापरकर्ते काढावेत काय, मुख्य वापरकर्त्याला दुरून प्रवेश बंद करावा काय, चाचणीचा डेटाबेस पुसावा काय, आणि अधिकारांची कोष्टके पुन्हा वाचावीत काय, असे एकामागून एक प्रश्न करतो. आता होय-नाहीच्या प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे आणि त्यापुढे कंसात, उभ्या रेघेने वेगळी केलेली दोन अक्षरे दाखवून, कोणती कळ दाबावी याची सूचना आहे. ही ओळ पडद्यावरून उचलून जशीच्या तशी नमुना म्हणून चिकटवली तर कंस गट बनतो, उभी रेघ पर्याय बनते, प्रश्नचिन्ह मागील अक्षराला ऐच्छिक बनवते, आणि जी ओळ अक्षरशः समोर आहे तिच्याशीच नमुना जुळत नाही. शहाणपण असे, की नमुन्यासाठी प्रश्नातील न बदलणारे, चिन्हविरहित आणि इतर प्रश्नांत न येणारे दोन-तीन शब्द तेवढे घ्यावेत. पुन्हा या प्रोग्रामच्या ५.७ या आवृत्तीपासून परवलीच्या शब्दाचा कस तपासणाऱ्या घटकाविषयीचा प्रश्न वाढला, आणि मायएसक्यूएलपासून फुटलेल्या मारियाडीबीच्या १०.४ पासून सॉकेटद्वारे ओळख पटविण्याविषयीचा. जे प्लेबुक कालपर्यंत निर्वेध चालत होते ते आवृत्ती बदलताच अनोळखी प्रश्नापुढे थबकते. एवढ्यासाठीच, प्रश्नात शक्य तितके कमी लिहावे आणि चल शक्यतो उत्तरातच ठेवावे, असा माझा पक्ष आहे.

एकच नमुना दोन प्रश्नांशी जुळण्याचा धोकाही असतो. परवलीचा शब्द बदलणारा प्रोग्राम नवा शब्द एकदा विचारतो आणि खातरजमेसाठी पुन्हा विचारतो. दोन्ही ओळींत तोच शब्द असल्याने एका नमुन्याने दोन्ही प्रश्न भागतात, आणि येथे ते सोयीचेच आहे. पण जुना, नवा आणि पुन्हा नवा असे तीन शब्द विचारणाऱ्या प्रोग्रामला तेच लागू केले तर जुन्याच्या जागी नवा जातो. अशा वेळी उत्तर म्हणून एका मूल्याऐवजी उत्तरांची यादी द्यावी. पहिल्या जुळणीस पहिले, दुसऱ्या जुळणीस दुसरे, असा क्रम लागतो, आणि यादी संपल्यावरही तोच प्रश्न आला तर मॉड्यूल स्पष्ट शब्दांत अपयश जाहीर करते. एकच उत्तर दिले असता मात्र चुकीच्या शब्दावर पुनःपुन्हा तेच चुकीचे उत्तर जात राहते, आणि काही व्यवस्थांत त्यामुळे खात्यालाच कुलूप लागते. म्हणून प्रश्न एकदाच अपेक्षित असला तरी एका घटकाची यादी देण्याची सवय मला पसंत आहे.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. यंत्राची भाषा बदलली की प्रश्नाची भाषाही बदलू शकते. लिनक्समध्ये ओळख पटविण्याचे काम करणाऱ्या पॅम या संचाची मराठी भाषांतरे अस्तित्वात आहेत, आणि मराठीसाठी स्वतंत्र स्थानिक मांडणीही आहे. इंग्रजी शब्दाची वाट पाहणाऱ्या नमुन्यासमोर देवनागरी ओळ आली तर तो नमुना मुदत संपेपर्यंत वाट पाहतच राहील. प्रश्नाचा नमुना भाषेनुसार बदलणारे चल करण्यापेक्षा, त्या एका आज्ञेपुरते वातावरण मूळ 'सी' मांडणीत ठेवणे अधिक सरळ व निर्धोक आहे. माणसाशी यंत्राने मराठीत अवश्य बोलावे. यंत्राने यंत्राशी बोलताना मात्र शब्द न बदलणे महत्त्वाचे.

गुप्ततेविषयी थोडेच पण ठामपणे सांगावयाचे आहे. परवलीचा शब्द आज्ञेच्या ओळीत दिला तर त्या यंत्रावरील अन्य वापरकर्त्यांना चालू प्रोग्रामांच्या यादीत तो दिसू शकतो. आभासी टर्मिनलावर टंकलेला शब्द त्या यादीत येत नाही, हा संवादी मार्गाचा एक खरा लाभ आहे. पण प्लेबुकाच्या नोंदवहीत तोच शब्द उघडा उमटला तर लाभ कसला? म्हणून असे चल अ‍ॅन्सिबलच्या व्हॉल्ट या कूटबद्ध कोठारात ठेवावे आणि ज्या कामात ते वापरले जाते त्या कामाची नोंद उमटू नये अशी ताकीद त्या कामातच लिहावी. दोष शोधताना ती ताकीद तात्पुरती काढण्याचा मोह होतो. तो चाचणीच्या यंत्राबाहेर होऊ देऊ नये. तसेच, एकाच नावाचे चल अनेक ठिकाणी व्याख्यात झाले असता कोणते मूल्य चालावे याच्या बावीस पायऱ्या अ‍ॅन्सिबलने ठरविल्या आहेत. त्या पाठ करण्याची गरज नाही. उत्तरांची चले एकाच ठिकाणी, यंत्रांच्या गटाच्या फाइलीत, ती ज्या प्रश्नाला उत्तर देतात त्याची आठवण होईल अशा नावाने ठेवली तर त्या पायऱ्या चढण्याचा प्रसंग क्वचितच येईल.

इतके सांगितल्यावर हेही सांगणे भाग आहे, की हा सारा मार्ग शेवटचा म्हणून धरावा. वापरकर्त्याचा परवलीचा शब्द बदलावयाचा तर त्याचे गुप्तरूप थेट स्वीकारणारे मॉड्यूल आहे. एसएसएचच्या किल्ल्या बनविणारी आज्ञा आपली सर्व उत्तरे पर्यायांच्या रूपाने घेते. आणि मायएसक्यूएलच्या त्या प्रोग्रामने जी कामे केली असती ती डेटाबेसच्या मॉड्यूलांनी एकेक करून, पुन्हा चालवता येतील अशी करता येतात. डेबियन या लिनक्स-वितरणाची रीत तर आदर्श म्हणावी अशी आहे. तेथे जोई हेस यांच्या डेबकॉन्फ या व्यवस्थेने प्रश्नांना प्रोग्रामापासून वेगळे काढले, त्यांना चार दर्जांचे महत्त्व दिले, आणि उत्तरे एका कोठारात आगाऊ भरून ठेवण्याची वाट मोकळी केली. त्यामुळे संचाची स्थापना पडद्यावर कोणताही प्रश्न न उमटवता पूर्ण होऊ शकते. जेथे प्रश्न स्वतःच नोंदलेला व नाव असलेला पदार्थ आहे तेथे त्याचा मजकूर ओळखण्याची कसरत करावीच लागत नाही.

तेव्हा वाचकाने प्रथम आपल्या आज्ञेला बिनसंवादी मार्ग आहे का हे पाहावे. नसल्यास ती एकदा स्वतः हाताने चालवून प्रत्येक प्रश्न अक्षरशः उतरवून घ्यावा, आणि मगच पुढील प्रकरणांतील नमुन्यांकडे वळावे. आणि वाचकांपैकी जे स्वतः प्रोग्राम लिहितात त्यांना माझी विनंती आहे: तुमच्या प्रोग्रामने माणसाला जे जे विचारावे त्याचे उत्तर आज्ञेच्या पर्यायातून किंवा फाइलीतून देण्याचीही सोय ठेवा, ती सोय दस्तऐवजात नमूद करा, आणि पुढच्या आवृत्तीत प्रश्नाचा मजकूर बदलताना त्याची नोंद बदलांच्या यादीत करा.